कानामागच्या हाडाची बखर

आपल्याकडील जुन्या घरांतून ज्या दुखण्यांना दुखणे म्हणून कधी दर्जाच मिळाला नाही, त्यांत वाहत्या कानाचा क्रमांक बराच वर लागेल. मुलाचा कान ठणकू लागला, दोन रात्री घरादाराला जागरण झाले, तिसऱ्या दिवशी उशीवर पिवळा डाग दिसून ठणका एकाएकी थांबला, म्हणजे वडीलधाऱ्या बायका 'कान फुटला, आता बरे वाटेल' असे म्हणून मोकळ्या होत. वस्तुतः पुष्कळदा खरे दुखणे तेथूनच सुरू झालेले असे. पुढे पडसे झाले की कान वाहावयाचा, पावसाळा लागला की वाहावयाचा, विहिरीत पोहून आले की वाहावयाचा. आणि लसूण घालून कढविलेल्या तेलाचे चार थेंब, कापसाचा बोळा व 'मोठा झाला म्हणजे जाईल' हा दिलासा, एवढ्या सामग्रीवर पिढ्यान्‌पिढ्यांनी निभावून नेले. ज्याला ऐकू कमी येई तो पोर शाळेत मठ्ठ ठरून छड्या खाई. चांदीच्या कडीत ओवलेले कानकोरणे घरोघरी असे, आणि शहरांत डोक्याला लाल पागोटे बांधून, कानामागे सळई खोवून हिंडणारे कानमैले पदपथावरच गिऱ्हाइकाला उकिडवे बसवून आपला व्यवसाय थाटीत. या लोकांचे हात मोठे हलके असत हे खरे; परंतु त्या सळईने किती कर्णपटलांचा निकाल लावला याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही.

ही बेफिकिरी केवळ अज्ञानाची म्हणून सोडून देणे न्याय्य होणार नाही, कारण शास्त्रकारांनी तर या रोगाची दखल फार पूर्वीच घेतली होती. सुश्रुताने अठ्ठावीस कर्णरोग गणले, त्यांत कर्णस्राव व पूतिकर्ण यांना स्वतंत्र स्थान दिले आणि शिरोविरेचन, धूपन, पूरण, प्रमार्जन व धावन हे उपचार सांगितले. दुर्गंधीवर गुग्गुळाची धुरी उत्तम, असाही निर्वाळा दिला. यांतील प्रमार्जन, म्हणजे आतील घाण पुसून कान कोरडा करणे, हे आजचे कर्णवैद्यही औषधाचा थेंब घालण्यापूर्वी करतात. आपल्या घरांनी मात्र या पाचांतून नेमके पूरण तेवढे उचलले आणि प्रमार्जन टाकून दिले. ज्या कानातून पू वाहतो त्यात वरून तेल ओतावे आणि तोंडाशी बोळा कोंबावा, यापेक्षा जंतूंची अधिक चांगली बरदास्त कोणती ठेवता आली असती, हे मला तरी सुचत नाही.

युरोपातील प्रकार याहून फारसा निराळा नव्हता. कानाच्या तीव्र शूळाबरोबर ज्वर चढला आणि रोगी बरळू लागला तर मृत्यू जवळ आला असे समजावे, हे हिपोक्रेटिसच्या संप्रदायातील वैद्यांना ठाऊक होते, आणि रोमन ग्रंथकार सेल्ससनेही तोच इशारा दिला होता. परंतु वाहणारा कान म्हणजे शरीराने दूषित दोष बाहेर टाकण्यासाठी काढलेली मोरी, ती बुजवली तर विष आत शिरेल, ही समजूत इतकी खोल रुजलेली होती की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ सनदी डॉक्टरदेखील स्राव थांबविण्यास कचरत. १५६० च्या डिसेंबरात फ्रान्सचा राजा दुसरा फ्रान्सिस वयाच्या सोळाव्या वर्षी ऑर्लेआं येथे वारला, तो कानाच्याच विकाराने. आंब्र्वाज पारे या नामांकित शल्यविशारदाने कवटीस छिद्र पाडून पू काढण्याची तजवीज सुचविली होती आणि राजमाता कातरीन हिने तीस रुकार दिला नाही, अशी एक कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, त्या मृत्यूने सतरा वर्षांची स्कॉटलंडची राणी मेरी विधवा झाली आणि दोन देशांच्या राजकारणाची दिशा पालटली, हे इतिहासाला ठाऊक आहे.

कानाचा पू मेंदूपर्यंत पोहोचतो कसा, हे समजण्यासाठी शरीररचनेकडे थोडे वळले पाहिजे. कर्णपटलाच्या आत मध्यकर्णाची एक चिमुकली पोकळी असून तीत घण, ऐरण आणि रिकीब या नावांची तीन हाडे ध्वनीची कंपने आत पोहोचविण्याचे काम करतात. या पोकळीची एक वाट घशाकडे उतरते आणि दुसरी मागे, कानाच्या पाळीमागे हाताला लागणाऱ्या टणक हाडात शिरते. हे हाड, ज्याला डॉक्टर मॅस्टॉइड म्हणतात, बाहेरून भरीव वाटले तरी आतून हवेने भरलेल्या बारीक बारीक कोठड्यांचे असते. आणि त्या कोठड्यांचे छत काही ठिकाणी इतके पातळ असते की पलीकडे लगेच मेंदूचे आवरण लागते. 'कानामागून आली आणि तिखट झाली' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या मनात हे हाड खचित नव्हते, पण कर्णवैद्यांच्या इस्पितळात ती दारावर लावावी अशी आहे. चिघळलेल्या कानांपैकी काहींत याहून कपटी प्रकार घडतो. बाहेरची त्वचा फाटक्या पडद्याच्या काठावरून आत सरकते, तेथे तिचे मोत्यासारखे शुभ्र पुटकुळ्यांचे पुंजके साठतात आणि आजूबाजूचे हाड हळूहळू झिजवीत जातात. क्रुव्हेल्ये या फ्रेंच पंडिताने १८२९ मध्ये या पुंजक्यांचे वर्णन केले आणि १८३८ मध्ये योहानेस म्युलर याने त्यांना कोलेस्टिॲटोमा हे लांबलचक नाव दिले. त्यांना वेदना जवळजवळ नसते, आणि त्यांच्या घातकीपणाचे मर्म त्यातच आहे.

हे हाड उघडून पू काढण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न पॅरिसच्या झां-लुई पेती याने १७३६ मध्ये केला असे मानतात, परंतु त्याचा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर, १७७४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोनच वर्षांनी यासेर नावाच्या एका प्रशियन लष्करी वैद्याने एका शिपायाचे हाड उघडले आणि तो शिपाई बरा झाला. आता ही शस्त्रक्रिया मार्गी लागणार असे वाटत असतानाच एका बड्या गृहस्थाने तिचा घात केला. डेन्मार्कच्या दरबारी वैद्य बॅरन फॉन बेर्गर याच्या कानात पू नव्हता. त्याला ऐकू कमी येई आणि कानात सारखा नाद घुमे, एवढीच त्याची तक्रार. त्याने हट्टाने आपले हाड उघडवून घेतले, आणि १७९१ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत, मेंदूच्या आवरणाला सूज येऊन तो मरण पावला. मेला तो दरबारी असल्यामुळे बभ्रा फार झाला. त्या शिपायाच्या जगण्याने जो विश्वास मिळविला होता तो बॅरनच्या मरणाने एका फटक्यात गमावला, आणि पाऊणशे वर्षे या हाडास हात लावण्याची कोणाची छाती झाली नाही.

या मधल्या काळात ज्याने कर्णवैद्यकाला भोंदूंच्या हातून सोडविले तो पुरुष डब्लिनचा विल्यम वाइल्ड. १८४४ मध्ये त्याने सेंट मार्क इस्पितळ काढले, १८५१ च्या आयर्लंडच्या खानेसुमारीत बहिऱ्या-मुक्यांची गणती त्याच्या देखरेखीखाली झाली, आणि १८५३ मध्ये त्याने आपला कर्णशस्त्रक्रियेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. स्राव ही निसर्गाची मोरी नसून रोग आहे, आणि तो जोवर चालू आहे तोवर त्याचा शेवट कोठे व कसा होईल हे कोणीही सांगू शकत नाही, असे त्याने निक्षून सांगितले. पाळीमागे सूज आली असता हाडापर्यंत छेद घेऊन पू मोकळा करावा हा त्याचा उपाय. हाडाच्या आत मात्र तोही शिरला नाही. त्याचा समकालीन, लंडनचा जोसेफ टॉयन्बी, याने सुमारे दोन हजार कानांचे विच्छेदन केले आणि रबराची चकती रुपेरी तारेला बसवून फाटक्या पडद्यासाठी कृत्रिम पडदा तयार केला. कानातील नादावर उपाय शोधण्यासाठी विषारी वाफा स्वतःवरच घेऊन पाहताना १८६६ मध्ये तो आपल्या खोलीत मृतावस्थेत आढळला. इतिहासकार टॉयन्बी आपल्या वाचकांना परिचित आहे. हा त्याचा आजोबा.

मग १८७३ उजाडले. ईथर, क्लोरोफॉर्म आणि लिस्टरचे जंतुनाशन या तिन्ही गोष्टी तोवर हाताशी आल्या होत्या. जर्मनीतील हाले येथील हेर्मान श्वार्त्सं याने आपला साहाय्यक आयझेल याच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला, आणि कोणत्या रोग्याचे हाड उघडावे, कोणत्याचे उघडू नये, छिन्नी कोठे धरावी व घण कसा मारावा याची शिस्त लावून दिली. त्यातील 'उघडू नये' हा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. बेर्गरचा बळी घेतला तो छिन्नीने नव्हे, अविवेकाने, हे श्वार्त्संला कळले होते. छिन्नीच्या त्या काळात शस्त्रक्रिया चालू असता एका साहाय्यकाला रोग्याच्या चेहऱ्याकडे टक लावून उभे करीत. चेहऱ्याची हालचाल करणारी मज्जा याच हाडातून जाते, आणि ओठाचा कोपरा किंचित फुरफुरला की साहाय्यक ओरडे व छिन्नी थांबे. हा पहारा चुकला तर जीव वाचलेला मनुष्य वाकड्या तोंडाने घरी जाई.

परंतु या सबंध विद्येचा कस लागे तो शस्त्रक्रिया संपल्यावर. पाळीमागची जखम वरून लवकर मिटली आणि आत पू राहिला तर सारे मुसळ केरात, म्हणून ती मिटू नये याचाच बंदोबस्त करावा लागे. तीत शिशाची खीळ किंवा रबराची नळी ठेवीत, पिचकारीने धूत, पट्टी बदलीत, आणि तळापासून मांस भरून येण्याची वाट पाहत. हे काही आठवड्यांत आटोपत नसे. कित्येक रोग्यांना महिनोन्‌महिने, काहींना वर्षाच्यावर, डोक्याला पागोट्याएवढी पट्टी बांधून दवाखान्याच्या बाकावर बसावे लागे. पट्टी बदलणारा कंपाउंडर वा परिचारिका यांचे नाव कोणत्याही ग्रंथात आलेले नाही, पण शस्त्रविशारदाने तासाभरात जे कमावले ते टिकणार की जाणार, हे त्यांच्या बोटांवर अवलंबून असे.

१८९० च्या सुमारास कुस्टर, त्साउफाल आणि श्टाके यांनी आणखी एक पाऊल टाकले. जुनाट रोगात केवळ मागचे हाड उघडून भागत नाही, तर कानाची नळी, मध्यकर्ण आणि मागच्या कोठड्या यांमधील भिंत पाडून सर्वांची एकच मोठी पोकळी करावी, म्हणजे रोगाला लपावयास जागा राहणार नाही, हा त्यांचा सिद्धान्त. जीव वाचला. मोबदल्यात ऐकू येणे बहुतेक गेले, आणि जी पोकळी मागे राहिली ती आपण होऊन स्वच्छ होत नसल्यामुळे रोग्याला जन्मभर दर काही महिन्यांनी ती डॉक्टरकडून साफ करून घ्यावी लागे. अंघोळीच्या वेळी पाणी जाऊ द्यावयाचे नाही, पोहावयाचे नाही. व्हिएन्नाच्या बाँडी याने १९१० मध्ये, जेथे हाडांची साखळी शाबूत आहे तेथे ती राखावी, अशी सुधारणा सुचविली. एरवी पन्नास वर्षे कर्णवैद्यांची महत्त्वाकांक्षा 'कान कोरडा, रोगी जिवंत' यापलीकडे गेली नाही. त्या काळी ती लहान नव्हती.

ती किती लहान नव्हती, याची साक्ष वाइल्डच्याच घरात मिळते. विल्यमचा मुलगा ऑस्कर, ज्याची नाटके साऱ्या लंडनने डोक्यावर घेतली आणि ज्याला पुढे त्याच लंडनने तुरुंगात घातले, याने जुलै १८९६ मध्ये रेडिंगच्या तुरुंगातून गृहमंत्र्यांकडे जो अर्ज केला त्यात उजव्या कानाचा पडदा गळवाने फुटून श्रवण जवळजवळ गेले आहे आणि तुरुंगाचा वैद्यकीय अधिकारी आपला इलाज चालत नाही असे म्हणतो, अशी कैफियत मांडलेली आहे. सुटल्यावरही कान बरा झाला नाही. १० ऑक्टोबर १९०० रोजी पॅरिसमधील एका सामान्य हॉटेलच्या खोलीतच त्याच्या कानावर शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर रोज पट्टी बदलण्यासाठी माणूस येत राहिला, थोडे बरे वाटल्यासारखे झाले, आणि ३० नोव्हेंबरला, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, मेंदूच्या आवरणाच्या दाहाने तो वारला. पुष्कळ काळ चरित्रकार या मरणाचा संबंध उपदंशाशी जोडीत आले. २००० मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात दोन वैद्यांनी सर्व लक्षणे तपासून जुनाट कर्णरोगाच्या बाजूने कौल दिला, आणि मला तो पटतो. लोकांना नाटककाराचे मरण नाट्यमय हवे असते. वाहत्या कानाने मरणे त्यांना त्याच्या इतमामाला शोभत नाहीसे वाटते.

पट्टीचा विषय निघालाच आहे, तर एका पिवळ्या पट्टीची हकिकत सांगितली पाहिजे. १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धातील चिघळलेल्या जखमा पाहून, न्यूकॅसलच्या रदरफर्ड मॉरिसन याने बिस्मथ, आयडोफॉर्म आणि पॅराफिन यांचा एक लेप पुढे आणला. त्याच्या आद्याक्षरांवरून त्याला 'बिप' म्हणू लागले. रणांगणावरच्या जखमांसाठी निघालेला हा लेप कर्णवैद्यांनी इतका आपलासा केला की त्यात भिजवलेली अरुंद, लांबलचक पट्टी आजही कित्येक शस्त्रक्रियागृहांत कानाच्या नळीत घडी घालून भरतात. माझ्याही कानात ती होती. बालपणापासून वाहणारा कान अखेर शस्त्राखाली गेला, आणि भूल उतरताच डॉक्टरीणबाईंनी मला प्रथम डोळे घट्ट मिटावयास व दात दाखवावयास सांगितले. छिन्नीच्या काळातला तो चेहऱ्यावरचा पहारा अजून उठलेला नाही, हे तेव्हा ध्यानात आले. पुढचे आठवडे त्या पट्टीमागे स्वतःच्या नाडीचा ठोका, घास चावण्याचा कडाका आणि अधूनमधून बुडबुडे फुटल्याचा आवाज ऐकण्यात गेले. जिभेच्या एका कडेला धातूची चव येई आणि सौभाग्यवतींच्या आमटीवर नाहक आळ येई. चवीची एक बारीक मज्जा पडद्याला लागूनच जाते, ती शस्त्रक्रियेत ताणली की असे होते, हा खुलासा वेळीच झाला म्हणून घरातील शांतता टिकली. पट्टी काढण्याचा दिवस आला तेव्हा चिमट्याने तिचे टोक धरून डॉक्टरीणबाई ती ओढू लागल्या, आणि डोक्याच्या आत एवढी खरखर सुरू झाली की मी खुर्चीचे हात धरले. पट्टी संपता संपेना. पिवळी, मग तपकिरी, मग शेवटच्या वितीला किंचित रक्ताळलेली. खोलीभर आयडोफॉर्मचा तो उग्र वास पसरला, आणि त्यानंतर पहिला आवाज ऐकू आला तो भिंतीवरच्या पंख्याचा. तो पंखा एवढा आवाज करतो हे त्या खोलीतील इतर कोणाच्या गावीही नव्हते.

सल्फाची औषधे १९३५ नंतर आणि पेनिसिलिन १९४० च्या दशकात आले, तेव्हा कानामागचे हाड फोडण्याचे प्रसंग झपाट्याने घटले. आपल्याकडे पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिन येथल्या येथे तयार होऊ लागले, ही गोष्ट महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात नोंदली जाते. ठणक्याने रात्र जागविणाऱ्या मुलांच्या इतिहासातही ती नोंदावयास हवी. परंतु तीव्र दाह आटोक्यात आला तरी जुनाट वाहते कान उरलेच. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये जगातील वाहत्या कानांच्या रोग्यांचा अंदाज साडेसहा कोटी ते तेहतीस कोटी असा दिला. या दोन आकड्यांमधील अंतरच सांगते की त्यांतील बहुतेक जण दवाखान्यापर्यंत पोहोचत नाहीत. दाटीची वस्ती, कुपोषण आणि वारंवार होणारी पडशी ही त्याची कारणे, आणि त्यांवर छिन्नी चालत नाही.

इकडे मरणाचे भय कमी झाल्यामुळे शस्त्रविशारदांना प्रथमच श्रवणाचा विचार करण्याची सवड मिळाली. स्टॉकहोमच्या निलेन याने १९२१ मध्ये आणि होल्मग्रेन याने १९२२ मध्ये शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक वापरला होता. १९५३ मध्ये झाइस कंपनीने त्यासाठी खास यंत्र बाजारात आणले, आणि त्याच सुमारास जर्मनीत वुलश्टाइन व त्सोल्नर यांनी फाटका पडदा नव्याने बसवून श्रवणयंत्रणा जुळविण्याची पद्धत उभी केली. पडदा बुजविण्याची कल्पना जुनीच होती. १६४० मध्ये बांत्सर याने डुकराच्या मूत्राशयाचे पापुद्रे नळीवर ताणून कानात बसविले होते आणि १८७८ मध्ये बेर्टोल्ट याने त्वचेचे ठिगळ लावले होते. वुलश्टाइननेही आरंभी त्वचाच वापरली, पण ती आत गेल्यावर त्वचेच्या स्वभावाने वागू लागे, पापुद्रे टाकी, चिघळे. १९६० च्या आगेमागे हेअरमान, स्टॉर्स प्रभृतींनी कानाच्या वरच्या स्नायूचे पातळ आवरण घेतले आणि हा पेच सुटला. तो तुकडा त्याच छेदातून काढता येतो, रोग्याचा स्वतःचा असतो, आणि वाळवला की कांद्याच्या पापुद्र्यासारखा अर्धपारदर्शक होतो. मग विरघळणाऱ्या जिलेटिनच्या स्पंजाचा आधार देऊन तो फाटक्या पडद्याखाली सरकवतात आणि पट्टी भरतात.

यापुढचे सारे रोग्याच्या हाती. नाक शिंकरावयाचे नाही. शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून द्यावयाची, कारण घशाकडून आलेला वाऱ्याचा एक झोत तो नवा पडदा उडवून देण्यास पुरेसा असतो. व्हॅसलीन लावलेल्या कापसाशिवाय डोक्यावरून पाणी घ्यावयाचे नाही, जड उचलावयाचे नाही, डॉक्टरांनी मोकळीक दिल्याशिवाय विमानात बसावयाचे नाही. ऐकू किती येते याची रीतसर तपासणी दोन-तीन महिने उलटल्याखेरीज करीत नाहीत, आणि शेजारीपाजारी मात्र दुसऱ्याच दिवशी कानाशी टिचकी वाजवून परीक्षा घेऊ लागतात. पूर्वी रोग्याला वर्षभर बाकावर बसविणारी ती जखम आता काही आठवड्यांत वरून भरते.

एका प्रश्नाचा निकाल मात्र अजून लागलेला नाही. कोलेस्टिॲटोमा काढताना श्टाकेच्या परंपरेप्रमाणे नळीची मागची भिंत पाडावी, म्हणजे रोग लपणार नाही पण पोकळी जन्मभर साफ करावी लागेल. की १९५८ च्या सुमारास जर्मनीत यान्सेन व अमेरिकेत हाउस यांनी रूढ केल्याप्रमाणे भिंत राखून तिच्यामागून शिरावे, म्हणजे कानाचा आकार निसर्गाचा राहील पण मागे राहिलेला एखादा कण पुन्हा वाढेल? दोन्ही पक्षांचे निष्णात लोक परिषदांतून एकमेकांना आकडे दाखवीत बसलेले असतात. भिंत राखणारे बहुधा रोग्याला वर्षभराने पुन्हा टेबलावर घेतात, तोच कान पुन्हा उघडतात आणि काही उरले आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. भिंत पाडणारे त्याला दर सहा महिन्यांनी बोलावून खुर्चीवर बसवतात आणि चिमटा हातात घेतात.